वच्छलाबाई नवाहो शिकली

जया अमेरिकेत गेल्यावर वच्छलाबाईला पहिला धक्का बसला तो एका शब्दाचा.

त्या सकाळी मनसारामनं फोन पाण्याच्या माठाला टेकवून ठेवला होता आणि नवराबायको दोघं त्यासमोर बसली होती. पडद्यावर जया. तिच्या मागं कुणाचं तरी स्वैपाकघर, लोखंडी शेगडीत लाकडं पेटलेली. आपल्याकडं सकाळ असते तेव्हा तिकडं आदल्या दिवसाची संध्याकाळ असते, हे वच्छलाबाईला एव्हाना पाठ झालं होतं, पटलं मात्र नव्हतं. बोलता बोलता जयानं मान वळवली आणि हाक मारली, "शिमा!"

एक म्हातारी येऊन जयाच्या खांद्यावरून डोकावली. वच्छलाबाई बघतच राहिली. अमेरिकेत सगळे गोरे, अशी तिची पक्की समजूत. ही बाई सावळी, रुंद गालफडांची. केस मागं लोकरीच्या दोऱ्यानं घट्ट बांधलेले, गळ्यात निळ्या खड्यांची माळ.

"अवो बाप्पा, हे तं आपल्या भामरागडाकडची वाटते!" वच्छलाबाई म्हणाली.

"तिथलेच मूळचे लोक हायेत माय हे. नवाहो म्हनतात. ह्या एल्सीबाई. मी ह्यांच्याच घरी राहातो."

"अन् शिमा शिमा काय करून राह्यली?"

जया जरा अडखळली. "त्याईच्या भाषेत... माही माय, असं होते ते."

वच्छलाबाईनं "बरं" म्हटलं, उठली आणि मागच्या सांदवाडीत मासे धुवायला गेली. मनसाराम हाका मारत राहिला, पण ती आली नाही. हात पाण्यात होते आणि कानात तो शब्द. पोटची पोर सातासमुद्रापलीकडं जाऊन दुसरीला माय म्हणते, आणि इथली माय अजून जिवंत आहे.

वच्छलाबाई ढिवराची. चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावापासून आत खैरटोला नावाचं गाव आहे. गावाच्या उशाला जुना मालगुजारी तलाव आणि तलावाच्या पाळीखाली, मातीच्या बांधाला लागून, ह्यांचं घर. मनसाराम पहाटे डोंगा घेऊन पाण्यात जायचा आणि वच्छलाबाई टोपली घेऊन मूलच्या बाजारात बसायची. पावसाळ्यात लोकांच्या बांधीत धानाची रोवणी, हिवाळ्यात शिंगाडे. तिची शाळा तिसरीत सुटली ती सुटलीच. थोरला भूपेश मूलच्या राईस मिलमध्ये लागला. जया मात्र शिकत गेली. चंद्रपूरला कॉलेज केलं, तिथंच शाळेत विज्ञान शिकवू लागली, आणि एक दिवस घरी येऊन म्हणाली की ॲरिझोना नावाच्या मुलखात शाळेला शिक्षक पाहिजेत, माझं काम झालं. तो मुलूख म्हणजे लाल माती, उघडे डोंगर आणि मैलोन् मैल माणूस नाही. "जंगल नाई?" मनसारामनं विचारलं होतं. नाही म्हटल्यावर त्याला पोरीची फारच काळजी वाटली.

एल्सीबाई विधवा. मुलं दूर शहरात, घरी मेंढ्या. तिनं एक खोली जयाला दिली होती आणि हळूहळू घरही दिलं होतं.

पुढच्या फोनला वच्छलाबाई फुगून बसली होती. तेव्हा एल्सीबाईनंच जयाच्या हातातून फोन घेतला आणि तोंड जवळ आणून सावकाश म्हणाली, "या-आत-एह."

"काय म्हनते?"

"रामराम म्हनते," मागून जया म्हणाली. "अन् त्याचाच अर्थ 'बरं हाये' असाबी होते. तूबी म्हन."

वच्छलाबाई म्हणणार नव्हती. पण ती म्हातारी इतकी आशेनं बघत होती की तिच्या तोंडून निघून गेलं, "या-आत-एह." एल्सीबाई खुदकन हसली. पुढचे दोन दात नव्हते. वच्छलाबाईचेही नव्हते. तीही हसली, आणि रुसवा तिथंच मोडला.

तेव्हापासून रोज एकदोन शब्द. जया समजावून द्यायची, वच्छलाबाई मासे कापता कापता घोकायची. 'अहेहे' म्हणजे उपकार झाले. 'शिल्' म्हणजे माझ्यासंग. 'शिल् या-आत-एह', माझ्यासंग बरं आहे, म्हणजे मला आवडतं.

"माह्यासंग बरं हाये," वच्छलाबाई स्वतःशी बोलून बघायची. "मंग आवडनं तरी दुसरं काय असते?"

'इश' लावला की विचारणं होतं, हेही ती शिकली. एल्सीबाई कॉफीचा कप दाखवून विचारायची, वच्छलाबाई चहाची कपबशी दाखवून विचारायची. उत्तर एकच, शिल् या-आत-एह, शिल् या-आत-एह. दोघींचं गाडं तिथंच फिरायचं, पण फिरायचं. मनसाराम वैतागायचा. "सकाडपासून या-आत, या-आत. घरात बकरी शिरल्यावानी."

एकदा मनसारामला भली मोठी मरळ लागली. वच्छलाबाईनं ती हौसेनं दोन्ही हातांत उचलून फोनसमोर धरली. हे माझं, हे आमच्या तलावाचं, असं सगळं तिला सांगायचं होतं. एल्सीबाईनं तोंडावर हात घेतला, मान फिरवली आणि म्हणाली, "दो शिल् या-आत-एह दा!"

वच्छलाबाई मरळ धरून तशीच उभी.

"माय, त्याईच्यात जुनी मानसं मासोळी खात नाई," जया घाईघाईनं सांगू लागली. "शिवतबी नाई. म्हनून ते म्हनाली, मले नाई आवडत. समोर दो अन् मागं दा लावला का नाई होते."

"मासोळी खात नाई?" वच्छलाबाईच्या डोक्यात ते शिरेना. "मंग जगतात कायवर?"

जन्मभर जिच्यावर पोट भरलं, तीच चीज कुणी बघूसुद्धा शकत नाही, याचं तिला दिवसभर नवल वाटत राहिलं. मूलच्या बाजारात शेजारी सुकट घेऊन बसणाऱ्या नीलाबाईला तिनं ते दोनदा सांगितलं. नीलाबाईनंही दोनदा तोंडाला पदर लावला. पण 'दो' आणि 'दा' वच्छलाबाईच्या डोक्यात त्या मरळीसकट घट्ट बसले. जाळ्याला दोन्ही बाजूंनी काठ्या रोवाव्यात, तसे ते दोन शब्द रोवायचे आणि मधे जे असेल ते नाही करायचं.

पुढं थंडीचे दिवस आले. धान मळून झालं होतं, गावोगाव नाटकं लागली होती. त्या दिवशी मूलला बाजार होता. कुठल्याशा नाटकाचा प्रचार करणारा ऑटो भोंगा लावून मासळीच्या ओळीसमोरच थांबला होता. वच्छलाबाई विळीवर कतला कापत होती, तेवढ्यात फोन वाजला. हात खवल्यांनी भरलेले, म्हणून नीलाबाईनंच फोन उचलून तिच्यासमोर धरला.

पडद्यावर जया नव्हती. एल्सीबाई होती. केस सुटलेले. तिला कधी कुणी सुटल्या केसांनी पाहिलंच नव्हतं. मागं पांढरी भिंत आणि कुणाची तरी पळापळ.

वच्छलाबाई हसून म्हणाली, "या-आत-एह!"

एल्सीबाई हसली नाही. ती बोलू लागली, भराभरा, श्वास न घेता. एरवी ती वच्छलाबाईशी मोजून मोजून बोलायची. आज तिला त्याचं भान नव्हतं. भोंग्यातून नायिकेच्या नावाचा पुकारा चालला होता. वच्छलाबाईनं विळी सोडली, ओल्या हातानं फोन घेतला आणि कानाशी दाबला. शब्दांच्या लोंढ्यातून तिच्या हाती एवढंच लागलं. "जया... दो या-आत-एह दा."

जया बरी नाही.

"काय झालं?" ती मराठीतच ओरडली. "काय झालं माह्या पोरीले?" मग तिच्या ध्यानात आलं की समोरचीला हे कळणार नाही. अपघात कसा विचारायचा? जिवंत आहे का, कसं विचारायचं? हे कुणी शिकवलंच नव्हतं. चहाकॉफीचे शब्द होते सगळे. तिनं होतं तेच जुळवलं. "जया-इश या-आत-एह?"

 मग एल्सीबाईचा आवाज आला, सावकाश, रडवेला. "या-आत-एह दो." पुन्हा, "या-आत-एह दो." पुन्हा तेच. आणि फोन तुटला.

दो. दो म्हणजे नाही.

वच्छलाबाईनं लगेच फोन लावला. लागला नाही. गिऱ्हाईक विचारत होतं, "बाई, मासोळी देता का?" तिला तोंड हलताना दिसत होतं, ऐकू येत नव्हतं. नीलाबाईनं दंडाला धरून हलवलं. "वच्छलाबाई, काय झालं वं? बोल ना!"

"बरं नाई म्हनते," ती म्हणाली. "तीनदा म्हनाली. नाई म्हनते."

नीलाबाईनं दोघींच्या टोपल्या झाकल्या, कुणाला तरी मिलमध्ये पाठवून भूपेशला बोलावलं. तो मोटारसायकल घेऊन आला. आईला मागं बसवलं.  सगळ्या रस्त्यानं तिच्या एका हाताची मूठ वळलेली होती आणि मुठीत कतल्याचा तुकडा होता. तो घरी आल्यावर मनसारामनं बोटं उकलून काढला.

भूपेश पाळीवर उभा राहून फोन लावत होता. एल्सीबाईचा फोन बंद. जयाचा फोन बंद. जिनं काम लावून दिलं त्या एजन्सीचा नुसताच वाजत होता. शाळेत तिकडं रात्र. दुपारपर्यंत सगळ्या टोलीला कळलं. बाया येऊन अंगणात बसल्या. कुणी काही विचारत नव्हतं, त्यावरूनच कळत होतं की त्यांना काय वाटतंय. मग एका म्हातारीनं गळा काढला. "अवो माही जया वं, कुठच्या मुलखात गेली वं..." आणि तिच्या पाठोपाठ दुसरीनं.

मनसाराम ताडकन उठला. सगळ्या आयुष्यात तो बायकोशी आवाज चढवून बोलला नव्हता. "तुले काय समजते त्या भाषेतलं? आँ? चार शब्द शिकली अन् माही पोरगी मारून टाकली!"

 वच्छलाबाईच्या डोळ्यांत पाणीसुद्धा नव्हतं. खरंच, काय समजतं आपल्याला? ती उठली, बायांच्या मधून वाट काढत पाळीवर गेली आणि पाण्याकडं तोंड करून बसली. थंड वारा होता. आवाज ऐकू आला होता तस्सा तिनं पुन्हा आठवायला घेतला. आठवायची इच्छा नव्हती, पण तो थांबतच नव्हता. पहिल्यांदा काय म्हणाली? दो या-आत-एह दा. समोर दो, मागं दा. बरोबर. मरळीच्या वेळी होतं तसंच. मग मी विचारलं. मग काय म्हणाली?

या-आत-एह दो.

तिनं मोठ्यानं म्हणून बघितलं. पुन्हा म्हटलं. दो मागं आला होता. समोर काही नव्हतं. आणि दा? दा नव्हताच. तीनदा म्हणाली, तिन्ही वेळा दा नव्हता. एक काठी उपटून भलतीकडं रोवली आणि दुसरी नाहीच, असं जाळं कोण लावतं? घाबरली होती म्हणून चुकली असेल म्हणावं, तर पहिल्यांदा त्याहून घाबरलेली असूनही बरोबर म्हणाली होती.

म्हणजे हे 'नाही' नव्हतं. काय होतं, ते तिला कळत नव्हतं. पण ते नव्हतं.

ती अंगणात परत आली. "थांबा," म्हणाली. कुणी ऐकलं नाही, तेव्हा ओरडली, "रडू नोका कोनी! दा नव्हता त्याच्यात!"

बाया गप्प झाल्या, ते तिचं म्हणणं कळलं म्हणून नव्हे. पोरीच्या दुःखानं हिला भ्रम झाला, असं त्यांना वाटलं. भूपेशनं येऊन तिला धरलं, तरी ती तेच म्हणत होती. मनसाराम तेवढा तिच्याजवळ सरकून बसला. "नक्की?" त्यानं हळूच विचारलं.

"मले मालूम नाई," ती म्हणाली. "पन दा नव्हता."

दिवस कलायला लागला तेव्हा फोन वाजला. भूपेशनं घेतला, पण समोर एल्सीबाई दिसताच आईकडं दिला. एल्सीबाईचा चेहरा राखेसारखा झाला होता. तिनं फोन फिरवला. काचेपलीकडं खाट, खाटेवर कुणीतरी, डोक्याला पट्टी, नाकातोंडात नळ्या, पाय वर टांगलेला. चेहरा सुजून ओळखू येईना. वच्छलाबाईनं बोटं बघितली. डाव्या हाताचं करंगळीजवळचं बोट लहानपणी विळीवर कापलं होतं, ते वाकडंच राहिलं होतं. ते वाकडं बोट तिथं होतं. आणि छाती वर खाली होत होती.

तेव्हा तिला रडू आलं. असं आलं की फोन हातातून पडला.

भूपेशनं तो उचलला. तिकडून कुणी नर्स इंग्रजीत बोलत होती. त्याला तोडकंमोडकं कळलं ते त्यानं सांगितलं. रस्त्यावर बर्फाचा काच झाला होता, मोकळे घोडे आडवे आले, गाडी उलटली. जयाला हेलिकॉप्टरनं मोठ्या दवाखान्यात आणलं. पोटात रक्त साचलं होतं, ऑपरेशन झालं. मांडीत सळी टाकली. जिवाचा धोका टळला.

"हेलिकॉप्टरनं?" मनसाराम तेवढाच शब्द धरून बसला. रात्रभर तो त्याच एका शब्दावर थांबून राहिला. पोर आकाशातून नेली.

चौथ्या की पाचव्या दिवशी जया स्वतः बोलली. आवाज पार बसलेला. वच्छलाबाईनं आधी रडून घेतलं आणि मग पहिला प्रश्न तोच विचारला. "मागं दो आला का काय होते?"

जयाला आधी कळेना.  मग म्हणाली, "होईल, असं होते माय. तो दो निराळा. 'बरं होईल' म्हनत होती ते तुले. मी नाई शिकवलं तुले ते. आपल्याले तेवढं लागलंच नाई कधी."

वच्छलाबाईनं डोळे मिटले. बरं होईल, बरं होईल, बरं होईल. ती बिचारी तीनदा हेच सांगत होती आणि इथं अंगणात बाया बसल्या होत्या.

"अन् माय," जया म्हणाली, "त्याईलेबी जरा आराम करायला सांग तू. माह्यं ऐकत नाई. खांद्याजवळचं हाड मोडलं, तरी माह्यापाशीच बसून राह्यते."

"कोनाचं हाड?"

"एल्सीबाईचं. माह्यासंग गाडीतच होती ना ते. तुले सांगितलं नाई?"

 वच्छलाबाई खाली बसली. सुटलेले केस. राखेसारखा चेहरा. त्या दिवशी पडद्यात तिचा एक खांदा खाली पडलेला होता, हेसुद्धा आता डोळ्यांसमोर आलं. मोडलेलं हाड घेऊन म्हातारीनं आधी खैरटोल्याला फोन लावला होता. मग ते हाड तसंच बांधून रात्रभर कुणाच्या तरी गाडीनं जयाच्या मागं गेली होती. आणि आपण? जया, जया, जया. तू कशी आहेस, हे तिला एकदाही विचारलं नाही. रोज सकाळी चहा आवडतो का म्हणून विचारणारी बाई आपण.

"तू बरी हायेस का, असं कसं म्हनते?" तिनं जयाला विचारलं.

जयानं सांगितलं. अवघड होतं. 'या-आ-नीत-एह-इश.' मधे एक 'नी' शिरला होता आणि तो काही केल्या जिभेवर बसत नव्हता. वच्छलाबाई तो दिवसभर घोकत राहिली. मनसाराम बकरीबद्दल काही बोलला नाही. उलट तिचं चुकलं की तोच म्हणायचा, "नी राह्यला."

दुसऱ्या सकाळी तिनं भूपेशला सांगितलं, एल्सीबाईला फोन लाव. आजवर फोन तिकडून यायचे. ह्या घरातून तिच्या नावानं एकही गेला नव्हता, त्या दिवशीच्या धावपळीतले सोडून.

एल्सीबाई पडद्यावर आली ती घाबरूनच. खैरटोल्याहून फोन म्हणजे काहीतरी वाईट झालं, असंच तिला वाटलं असणार. तिचा हात झोळीत बांधलेला होता. वच्छलाबाईनं पदर सारखा केला, गळा खाकरला आणि शाळेत कविता म्हणावी तसं एका दमात म्हटलं, "या-आ-नीत-एह-इश?"

  एल्सीबाईचं तोंड वेडंवाकडं झालं आणि ती लहान पोरीसारखी रडायला लागली. झोळीतला हात हलला तशी कळवळली आणि तरी रडतच राहिली. वच्छलाबाई घाबरली. आपण चुकीचं तर नाही ना बोललो? ती भूपेशकडं बघत होती, भूपेश मनसारामकडं. कुणालाच काय करावं कळेना. शेवटी वच्छलाबाई नुसती समोर बसून राहिली. पलीकडची रडून होईपर्यंत तिनं फोन ठेवला नाही.

जूनमध्ये जया काठी टेकत घरी आली आणि सुट्टी संपल्यावर परत गेली. लोकांनी वच्छलाबाईला नावं ठेवली, एवढं होऊनही पोर पाठवली म्हणून.  जायच्या दिवशी स्टेशनवर तिनं जयाला एकच सांगितलं, बर्फ पडला का गाडी काढायची नाही. दोन्ही मायांचं ऐकायचं.

आता जया चांगली चालते. दोघी म्हाताऱ्या एकमेकींना परस्पर फोन करतात, जया शाळेत असली तरी. पण त्या दिवसाचं भय वच्छलाबाईच्या अंगातून गेलेलं नाही. भूपेशनं फोनचं वाजणं बदलून दिलं, त्यानंही फरक पडला नाही. मूलच्या बाजारात तिचा फोन वाजला की नीलाबाई आधी तिला विळीवरून उठवते, दंडाला धरून उभी राहते आणि मग म्हणते, "हं, उचल आता."